अंध बाळाला फक्त वाजणारे खेळणे पुरते का?

ज्या बाळाला दिसत नाही त्याचे खेळणे वाजणारे असले की पुरे, रंगांचा त्याला काय उपयोग, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. दृष्टिदोष असलेल्या बहुतेक मुलांना थोडीफार दृष्टी, निदान उजेडाची जाणीव असते. म्हणून काळ्या कापडावर शिवलेली पिवळी पट्टी त्यांच्या कामाची ठरते. आवाजाचे म्हणाल, तर खुळखुळा हातातून सुटून गप्प झाला की बाळाच्या लेखी तो नाहीसाच होतो, आणि केवळ आवाजाच्या रोखाने हात पुढे करणे या बाळांना बहुधा पहिल्या वर्षाच्या अखेरीस जमू लागते. अंध मुलांसोबत काम करणाऱ्या डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी यावर तोडगा काढला: बाळाभोवती लहानशी चौकट उभारून तीत चमचा, ब्रश, किल्ल्यांचा जुडगा अशा वस्तू ठरलेल्या जागी टांगायच्या, म्हणजे सुटलेली वस्तू पुन्हा तिथेच हाताला लागते. घरीही हे जमते. मात्र दोरी आखूड, गाठ पक्की आणि जवळ मोठे माणूस हवे. सतत गाणारी बॅटरीची खेळणी (मला ती तशीही नकोशी वाटतात) तेवढा वेळ बंद ठेवावीत, कारण त्या गोंगाटात चमचा चौकटीवर आपटला तो आपल्याच हाताने, हे बाळाच्या ध्यानात येत नाही.