खाडा, पेन्शन आणि पन्नास लाख : एम्प्रेस मिलची पार्श्वभूमी

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांत हल्ली एकच रड ऐकू येते : माणसं टिकत नाहीत. हीच रड दीडशे वर्षांपूर्वी नागपूरच्या पहिल्या मोठ्या गिरणीत होती, फक्त शब्द वेगळा होता. तेव्हा त्याला खाडा म्हणत.

जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये 15 लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. बहुतेक गिरण्या मुंबईत निघायच्या, असा तो काळ. त्यांनी नागपूर निवडलं, कारण वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस हाताशी होता, रेल्वे 1867 मध्येच येऊन पोहोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. जागा घेतली ती जुम्मा तलावाकाठची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची. तिच्यावर मातीची भर घालताना पाहून, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणत एका स्थानिक सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. त्यानेच पुढे कबूल केलं म्हणतात की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. जमशेटजींच्या चरित्रांत हा किस्सा हमखास येतो. थोडं मीठमसाला लागलं असेल, पण सावकाराचा हिशेब त्या दिवशी चुकीचा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञी.

व्यवस्थापक म्हणून आले बेझनजी मेहता. ते रेल्वेतले. सुताशी त्यांचा संबंध नव्हता. यंत्रांचं पाहायला इंग्लंडमधल्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या मुलखातून जेम्स ब्रुक्सबी आले. माझ्या मते जमशेटजींची खरी हुशारी या जोडीत आहे. यंत्र कळणारा एक आणि माणसं हाताळता येणारा एक नेमायचा, आणि मग दोघांच्या कामात रोज नाक खुपसायचं नाही. बेझनजी कित्येक वर्षं राहिले, सर झाले आणि त्यांचे चिरंजीव सोराबजी यांनीही पुढे हीच गिरणी सांभाळली.

आता खाड्यांकडे. गिरणीत येणारा माणूस कालपर्यंत शेतावर नाहीतर घरच्या हातमागावर होता. भोंग्यावर उठणं त्याला ठाऊक नव्हतं. पोटापुरतं मिळालं की तो घरी बसे. साचे, म्हणजे गिरणीतली यंत्रं, मात्र माणसांवाचून अडून राहत. मुंबईच्या गिरण्यांत यावर ठरलेला इलाज होता : दंड, पगारकपात, जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, शिवी. जमशेटजींनी उलटा प्रश्न विचारला. उद्या परत यावंसं वाटावं असं इथे आहे तरी काय?

उत्तरादाखल त्यांनी एकेक गोष्ट केली. सुताला ओलावा लागतो आणि नागपूरचा उन्हाळा कोरडा, तेव्हा हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली. त्यात माणसांपेक्षा धाग्याची काळजी असेलही. आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले. चांगलं काम करणाऱ्यांसाठी बक्षीस समारंभ सुरू झाले. 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई आली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात 1923 ला झाला, म्हणजे गिरणी कायद्याच्या 28 वर्षं पुढे होती. याला परोपकार म्हणणं मला पटत नाही. हा खाड्यांवरचा, शहाणपणाने शोधलेला उपाय होता, आणि म्हणूनच तो टिकला. निव्वळ दया मंदीच्या पहिल्या वर्षीच आटते.

यंत्रांबाबतही तीच वृत्ती. लँकेशायर सूत कातण्याच्या जुन्या म्यूल साच्यांना चिकटून बसलेलं असताना एम्प्रेसने रिंग नावाचे नवे साचे लावून पाहिले, आणि ते लवकर लावणाऱ्या भारतातल्या पहिल्या गिरण्यांत ती जमा झाली. रिंग साच्यावर फार मुरलेल्या कारागिराची गरज नसते, जे नागपूरला नेमकं सोयीचं होतं.

हे चित्र गुळगुळीत मात्र नाही. सोयी मिळाल्या तरी पगार किती आणि पाळी किती तासांची, हे ठरवण्यात कामगाराला जागा नव्हती. ती पुढे युनियनने मागितली. आर. एस. रुईकरांनी नागपूरच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, संप झाले. मालक कितीही समंजस असला तरी समजूत त्याची एकट्याची असते.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट वेगळ्याच कारणांनी बिघडली. सरकारी धोरणाने गिरण्यांना माग वाढवू दिले नाहीत, यंत्रमाग स्वस्तात कापड काढू लागले आणि एम्प्रेसचं जाडंभरडं कापड त्या स्पर्धेत सापडलं. यंत्रं जुनी झाली होती. 1977 मध्ये गिरणी रतन टाटांकडे आली. तिला सावरायला सुमारे 50 लाख रुपयांची गरज होती, पण काही संचालक त्याला तयार नव्हते. 1986 मध्ये टाटांनी गिरणी बंद केली. 1870 च्या दशकात जे घराणं दलदलीत पैसा घालायला घाबरलं नाही, त्याच घराण्याच्या कंपनीने चालत्या गिरणीत 50 लाख घालणं टाळलं. त्यांचा हिशेबही, त्या सावकारासारखाच, कदाचित चुकीचा नसेल. पैसे मिळते तर गिरणी वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मग ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची थांबली. त्या जागेवर आता मॉल आहे. नाव एम्प्रेसच.

बेझनजींचं नाव मात्र उत्तर नागपुरात इंदोऱ्याजवळ उरलं आहे. ऑटोवाल्याला ‘बेझनबाग’ म्हटलं की तो भाडं सांगतो. हा बेझन कोण, हे त्याला कुणी विचारत नाही.