ताल-नृत्य खेळांचा सराव

संगीताच्या ठेक्यावर, पडद्यावर सरकत येणाऱ्या बाणांनुसार पॅडवर पावले टाकण्याच्या व्हिडिओ गेममध्ये अचूकता, वेग आणि दमसास वाढवण्यासाठी केला जाणारा सराव. हा खेळप्रकार जगभर पोहोचला तो जपानच्या कोनामी कंपनीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ (१९९८) या आर्केड यंत्रामुळे. त्यात डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे चार बाण असतात. दक्षिण कोरियातील अँडामिरोच्या ‘पंप इट अप’मध्ये (१९९९) चार कोपरे व मध्य अशी पाच पॅनेल असतात. संगणकावर सराव करणाऱ्यांमध्ये ‘स्टेपमेनिया’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुळलेले आहे.

नवशिका बहुधा प्रत्येक पावलानंतर पाय मधल्या जागेवर परत आणतो. चार बाणांच्या पॅडवर मध्यभागी बाणच नसतो, त्यामुळे प्रत्येक बाणासाठी दोन हालचाली होतात आणि गाणे जरा जलद झाले की पाय मागे पडतात. बाण नसताना पॅनेलवर पाय टेकलेला राहिला तरी साधारणतः गुण जात नाहीत. म्हणून पाय जिथे पडला तिथेच ठेवून पुढचा बाण दुसऱ्या पायाने घेणे, ही या सरावातील सर्वांत मोलाची सवय आहे. ती लागली की बाकीचे बरेचसे आपोआप सुधारते.

पाय आलटून-पालटून टाकण्याची खरी कसोटी ‘क्रॉसओव्हर’मध्ये लागते. डावा, खालचा, उजवा असे बाण ओळीने आले आणि सुरुवात डाव्या पायाने झाली, तर उजवा पाय खालच्या बाणावर असताना डावा पाय त्याच्या पुढून उजव्या बाणावर न्यावा लागतो. कंबर उजवीकडे वळते, नजर मात्र पडद्यावरच राहते. हे टाळण्यासाठी एकच पाय लागोपाठ दोनदा टाकला, तर संथ गाण्यात निभावते, वेगवान गाण्यात तोल जातो. म्हणून असे तुकडे कमी वेगात, ताल मोडू न देता, पुन्हा पुन्हा करावेत.

वाचनाचा सराव पायांइतकाच महत्त्वाचा आहे. बाण संथ सरकले की ते दाटीने येतात आणि नजर गोंधळते. त्यामुळे अनुभवी खेळाडू सरकण्याचा वेग दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक ठेवतात. १५० बीपीएमच्या (मिनिटाला १५० ठोक्यांच्या) गाण्यावर चौपट वेग घेतला तर वाचनाचा वेग ६०० होतो, आणि गाणे कोणतेही असो, हा गुणाकार सारखा ठेवला की डोळ्यांना सवय होते.

वरच्या पातळीवर दमाचा प्रश्न येतो. १५० बीपीएमवर एका ठोक्यात चार बाण अखंड आले, तर सेकंदाला दहा पावले पडतात. तेथे जोराने आपटणारा खेळाडू लवकर थकतो. टाच हलकी ठेवून, पाय पॅनेलपासून फारसा न उचलता खेळणारा टिकतो. आर्केड यंत्रामागील दांडा धरल्याने पायांवरचा भार कमी होतो, पण तोल साधायला शिकण्यापूर्वी त्याची सवय लावून घेणे नुकसानीचेच.

पाऊल ठेक्यावर किती नेमके पडले यावर गुण ठरतात आणि सर्वोच्च श्रेणीसाठी काही मिलिसेकंदांचाच वाव असतो. सगळी पावले सारख्याच अंतराने लवकर किंवा उशिरा पडत असल्याचे दिसले, तर दोष पायांचा नसून टीव्हीच्या चित्रातील किंवा आवाजातील विलंबाचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी सराव वाढवण्याआधी खेळाच्या सेटिंगमध्ये ध्वनी आणि चित्र यांचा मेळ बसवून घ्यावा.