बक्षिसाची वाटणी की लाच? पत्त्यांच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी नियम, पात्रता आणि कागदपत्रं

नुरा कुस्ती म्हणजे काय, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. खासबागेत दोन पैलवान आधीच ठरवून उतरले आणि नुसतेच एकमेकांना ढकलत राहिले, तर मैदान लगेच ओरडायला लागतं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारख्या पत्त्यांच्या स्पर्धेत असं ओरडणारं मैदान नसतं. दोघं खेळाडू टेबलाला टेकून हळू आवाजात बोलतात आणि निकाल ॲपवर टाकून मोकळे होतात. म्हणूनच त्या टेबलावर काय बोलायला चालतं आणि काय नाही, हे नियमपुस्तकात कडक शब्दांत लिहिलेलं आहे. गंमत अशी की बक्षीस वाटून घ्यायला बंदी नाही. बंदी आहे ती वाटणीच्या बदल्यात निकाल विकण्यावर. बहुतेक जण अडकतात ते याच दोन गोष्टींच्या मधल्या फटीत.

खाली दिलेले खेळाचे नियम मॅजिकचे आहेत. पोकेमॉन किंवा यु-गी-ओ खेळणाऱ्यांनी आपापल्या खेळाचं पुस्तक वेगळं वाचावं. उदाहरणार्थ, मॅजिकमध्ये दोघांनी संगनमतानं सामना बरोबरीत सोडवला तर चालतो, यु-गी-ओमध्ये चालत नाही. एका खेळाची सवय दुसऱ्या खेळात घेऊन गेलात तर पंच ऐकून घेणार नाही.

नाव नोंदवताना

हा भाग सोपा आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचं खातं काढायचं, फोनवर कम्पॅनियन ॲप घ्यायचं आणि आयोजकानं दिलेला कोड टाकायचा. ज्याच्यावर कंपनीनं बंदी घातली आहे, त्याला खेळता येत नाही. लहान मुलांना पालकांची परवानगी लागते. स्पर्धा जरा वरच्या पातळीची असेल तर पहिल्या फेरीआधी डेकची, म्हणजे खेळायच्या पत्त्यांच्या गठ्ठ्याची, यादी द्यावी लागते: किमान ६० पत्ते आणि साइडबोर्डचे, म्हणजे डावांच्या मधे बदलायचे राखीव पत्ते, जास्तीत जास्त १५. बक्षीस रोख आहे, स्टोअर क्रेडिट (दुकानातच वापरायची रक्कम) आहे की बूस्टर (पत्त्यांची सीलबंद पाकिटं), कितव्या क्रमांकाला किती, कर कोण कापणार, हे सगळं नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. तेव्हा विचारलं तर ती साधी चौकशी असते. शेवटच्या फेरीत समोरच्याच्या देखत विचारलं की तिला वेगळा वास यायला लागतो.

चालतं काय, चालत नाही काय

नियमपुस्तकाच्या ५.२ या कलमात लाचेचा विषय आहे. सामना सोडणं, स्पर्धेतून बाहेर पडणं, बरोबरी मान्य करणं, इतकंच काय डावातली एखादी चालसुद्धा, कुठल्याही मोबदल्याच्या बदल्यात करता येत नाही. असा मोबदला देऊ करणं हाच गुन्हा आहे. समोरच्यानं तो घेतलाच पाहिजे असं नाही.

पण मोबदल्याशिवाय सामना सोडायला पूर्ण मुभा आहे. निकाल नोंदवला जाईपर्यंत तुम्ही कधीही हार मानू शकता, दोघं मिळून बरोबरीही घेऊ शकता. स्विस पद्धतीत, म्हणजे हरलं तरी कुणी बाद न होता गुण साठत जातात त्या फेऱ्यांत, जिंकल्याला ३ गुण, बरोबरीला १, हरल्याला शून्य. समजा पाच फेऱ्यांपैकी चार जिंकून दोघांचेही १२ गुण झालेत आणि पाचव्या फेरीत ते समोरासमोर आले. बरोबरी घेतली तर दोघंही १३ गुणांवर बाद फेरीत जातात. “भावा, आयडी घेऊया?” एवढं विचारलं (आयडी म्हणजे ठरवून घेतलेली बरोबरी), त्यानं हो म्हटलं, विषय संपला. यात लाच नाही, कारण कुणी कुणाला काही दिलेलं नाही.

आता हेच संभाषण जरा वेगळ्या वळणानं जाऊ दे. “मर्दा, तू हा सामना सोड, बक्षिसातलं निम्मं तुझं.” ही सरळ लाच झाली. “सोड की, चहा पाजतो” हीसुद्धा लाचच. चहा दहा रुपयांचा आहे म्हणून नियम सैल होत नाही. “सोडलास तर बघू नंतर काहीतरी” यात आकडा नसला तरी आमिष आहेच. पण “आपण दोघं जे काही मिळेल ते निम्मं-निम्मं करू आणि सामना खेळू” हे चालतं, कारण कोण जिंकतो यावर वाटणी अवलंबून नाही. स्पर्धेतलं अजून हातात न आलेलं बक्षीस कुणाहीसोबत वाटून घेण्याचं तुम्ही सामन्याआधी किंवा सामना चालू असतानाही ठरवू शकता. अट एकच: ती वाटणी निकालाची किंमत असता कामा नये.

वाटणी ठरल्यावर दोघांपैकी एक जण सामना सोडतो, तेव्हा मात्र पंचाला शंका येणारच. तुमच्या मनात काय होतं ते त्याला दिसत नाही, त्याला फक्त कानावर पडलेले शब्द आणि त्यांचा क्रम दिसतो. म्हणून पैसा आणि निकाल एका वाक्यात आणायचेच नाहीत.

आधी पंच, मग प्रस्ताव

आपल्याकडे बरेच जण पंचाला बोलावणं म्हणजे तक्रार करणं समजतात. इथं तसं नाही. वाटणीचं बोलायचं असेल तर हात वर करा, पंचाला टेबलापासून बाजूला घ्या आणि विचारा, “मला समोरच्याला बक्षीस वाटून घ्यायचं विचारायचं आहे, कसं विचारू?” असं विचारल्याबद्दल शिक्षा होत नाही. चांगला पंच कोणतं वाक्य टाळायचं तेही सांगतो.

समोरच्यानं भलताच प्रस्ताव ठेवला तर काय करायचं? ताबडतोब पंच बोलवायचा. “नको रे बाबा” म्हणून हसण्यावारी नेलंत आणि डाव पुढे चालू ठेवलात, तर नियमाप्रमाणे शिक्षा दोघांनाही सारखीच होते. नकार देऊन गप्प बसणाऱ्याला सूट नाही. दोस्ताविरुद्ध पंच बोलावणं जड जातं, हे खरंच. पण नियमानं दुसरी वाट ठेवलेलीच नाही.

फासा टाकून निकाल लावणं हेही याच पंगतीतलं. वेळ संपली, बरोबरीनं दोघांचंही नुकसान होतंय, आणि कुणीतरी म्हणतं, “चल, फासा टाकू, मोठा आकडा येईल त्याचा सामना.” नाणं, फासा, किंवा डेकच्या वरचे पत्ते उलटून कोण जिंकलं असतं ते बघणं, सगळ्याला बंदी. निकाल खेळातूनच यायला हवा. आणि सामन्यावर पैज लावणं खेळाडूंना, पंचांना, मागं उभं राहून बघणाऱ्या मित्रांनाही मना आहे. देशाचा कायदाही अशा पैजेला थारा देत नाही: भारतीय करार कायदा, १८७२, कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे हरलेला पैसे देत नसेल तर कोर्टातून वसूल करता येत नाहीत.

फायनलची सवलत

बाद फेरीच्या जाहीर झालेल्या शेवटच्या सामन्यात, म्हणजे फायनलला, नियम जरा मोकळा होतो. दोघं स्पर्धेचं बक्षीस हवं तसं वाटून घेऊ शकतात, आणि त्यासाठी एकानं स्पर्धेतून बाहेर पडायचं असतं. मग आयोजक नव्या क्रमांकाप्रमाणे बक्षीस देतो. मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण पहिल्या क्रमांकाला असेल तर त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. म्हणून “आमंत्रण तू घे, रोख बक्षीस जास्त मला” असा व्यवहार फायनलमध्ये होऊ शकतो. हाच व्यवहार उपांत्य फेरीत केला तर लाच.

पण वाटायचं ते फक्त स्पर्धेचं बक्षीस. त्यात खिशातले दोन हजार किंवा घरचा एखादा महागडा पत्ता घातलात की फायनलसुद्धा लाचेत जाते. हे कलम लोक घाईत वाचतात आणि नेमकं हेच त्यांच्या नजरेतून सुटतं.

पुण्याला एका गाडीतून जाणाऱ्यांसाठी

मोठ्या स्पर्धा पुण्या-मुंबईकडे होत असल्यानं आपली चार-पाच पोरं एकत्र गाडी काढतात, आणि कात्रजच्या बोगद्याआधीच ठरतं: कुणाला काहीही मिळालं तरी दहा टक्के सगळ्यांत वाटायचं. असा करार चालतो. निकाल कसाही लागला तरी वाटणी तीच, त्यामुळे कुणाचा सामना विकला जात नाही. अडचण येते ती गाडीतले दोघं एकमेकांसमोर आल्यावर. तेव्हा खेळा, नाहीतर कसलीही अट न घालता एकानं सामना सोडा. “मी सोडतो, पण माझे दहाचे पंधरा टक्के कर” म्हटलं की सकाळपासून निर्दोष असलेला करार त्या क्षणी लाच होतो. गाडीतला करार स्पर्धेच्या ठिकाणी पुन्हा उकरून काढायचा नाही, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ.

शिक्षा आणि अपील

सामना गमावण्यापासून स्पर्धेतून बाद होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. नियम ठाऊक असून केलंत तर ती फसवणूक धरली जाते आणि त्याला बाद करणं हाच उपाय. पंचाचा निर्णय पटला नाही तर तो पूर्ण ऐकून घ्या आणि मग मुख्य पंचाकडे अपील मागा. मुख्य पंचाचा शब्द शेवटचा. बाद झालात तर तुमची बाजू लेखी द्यायला सांगतात. ती तिथंच बसून, प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांत लिहून द्या. पुढं बंदी घालायची की नाही हे ठरवताना तोच कागद बघितला जातो.

कर: वाटणीचा खरा हिशेब

मित्रामित्रांत खरं भांडण लागतं ते इथं. बक्षिसावरच्या कराच्या नियमांत लॉटरी आणि शब्दकोड्यांच्या रांगेत पत्त्यांचा खेळ स्पष्ट लिहिलेला आहे. एका वेळचं बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेलं की आयोजकानं ३० टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस देतानाच कापून घ्यायचा कर, कापायचा असतो. १९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी कलम १९४ बी होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. प्रवेश शुल्क, गाडीचं पेट्रोल, डेकचा खर्च यातून वजा करता येत नाही. बक्षीस १०,००० च्या आत असेल तर टीडीएस कापत नाहीत, पण विवरणपत्रात ते दाखवावं लागतंच.

समजा, राजारामपुरीतल्या एखाद्या हॉलमध्ये स्पर्धा आहे. पहिलं बक्षीस २०,०००, दुसरं ८,०००. फायनलला दोघांनी ठरवलं, एकूण २८,००० चे निम्मे, प्रत्येकी १४,०००. पहिल्याच्या २०,००० तून ६,००० टीडीएस गेला, हातात आले १४,०००. दुसऱ्याला पूर्ण ८,००० मिळाले. आता दुसरा म्हणतो, माझे १४,००० व्हायचे म्हणजे अजून ६,००० दे. पहिल्यानं दिले, तर दुसऱ्याकडे १४,००० आणि जिंकलेल्याकडे ८,०००. हातात आलेल्या २२,००० चे निम्मे केले असते तर दोघांना ११,००० मिळाले असते. दुसऱ्याच्या ८,००० वरचा कर त्याला पुढं भरायचा आहे, तोही धरायचा असेल तर धरा. पण वाटणी कर कापण्याआधीच्या रकमेची की नंतरच्या, हे आधीच बोलून घ्या. आयोजक क्रमांकाप्रमाणे पैसे देतो, त्यामुळे पूर्ण बक्षीस आणि पूर्ण टीडीएस जिंकणाऱ्याच्याच पॅनवर दिसतं. मित्राला दिलेला वाटा तिथून आपोआप वजा होत नाही.

बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, बूस्टरची पेटी किंवा लॅपटॉप, आणि किंमत १०,००० च्या वर असेल, तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजक वस्तू हातात देऊ शकत नाही. अशा वेळी विजेत्यालाच खिशातून कराची रक्कम भरावी लागते. स्पर्धेला जाताना एवढ्या पैशांची सोय असू द्या.

सोबत काय न्यायचं

पॅन कार्डाची प्रत, आधार किंवा वयाचा दुसरा पुरावा, आणि पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव एकच असू द्या. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, यानंच पैसे अडकतात. टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र आयोजकाकडून मागून घ्या आणि विवरणपत्र भरताना पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून बघा.

वाटणी कागदावर हवी असेल तर साध्या कागदावर स्पर्धेचं नाव, तारीख, दोघांची नावं, टक्केवारी, आणि ती करानंतरच्या रकमेवर आहे की आधीच्या, एवढं लिहून सह्या करा. कुणी हरायचं, कुणी उठायचं असलं एक वाक्यही त्यात नको.

अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी असा कागद केलात तर तो कायद्यानं टिकत नाही. अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच रद्द असतो, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयानं, १९०३ मध्येच ठरवून टाकलं आहे. मुलाच्या सहीऐवजी पालकाची सही घेऊन काम भागतं, असं समजू नका. बक्षिसाची रक्कम कुणाच्या खात्यात जाणार आणि पॅन कुणाचं लागणार, हे पालकांनी आयोजकाला स्पर्धेआधी विचारून घ्यावं आणि उत्तर लेखी मागावं.

ऑनलाइन पात्रता फेरीत पैसे भरून पैसे जिंकायचे असतील तर आधी थांबा. २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा, असा भेद ठेवला नाही. हॉलमध्ये समोरासमोर बसून खेळण्याचं तसं नाही. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. तरी हॉलच्या कोपऱ्यात कुणी सामन्यांवर पैसे लावायला लागलं, तर ती सूट त्याच्या कामाची नाही.