आरामखुर्चीत कोण बसले होते?

नागपुरात एप्रिल लागला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवल्या जातात आणि पहिल्या पाण्याबरोबर तो ओला, मातकट वास घरभर पसरतो. तिथल्या महाल भागातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी यंदाही तसेच झाले. फरक एवढाच की दरवर्षी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कूलरसमोरच्या आरामखुर्चीत बसणारे आबा महाशिवरात्रीच्या सुमारास वारले होते. कूलर सुरू झाला, खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिलेला दुपट्टा वाऱ्याने हलला आणि अडीच वर्षांची नात खेळता खेळता म्हणाली, “आबा बसले.” “बाप्पा! कोणाशी बोलून राहिली गं तू?” असे म्हणत तिची आत्या हातातली बशी टाकून धावली. घटकाभरात शेजारी गोळा झाले आणि लहान लेकरांची नजर निर्मळ, म्हणून त्यांना गेलेली माणसे ‘दिसतात’ यावर सर्वांचे एकमतही झाले.

ही समजूत तपासायची तर सुरुवात ज्ञानेंद्रियांपासून करावी लागते, कारण मुलांना मोठ्यांपेक्षा वेगळे काही जाणवते हे एका मर्यादित अर्थाने खरे आहे. लहान मुलाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि वय वाढते तसतशी वरच्या पट्टीतली ही श्रवणशक्ती कमी होत जाते. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरची बारीक किणकिण नातीला ऐकू यावी आणि आजीला येऊ नये, हे अगदी शक्य आहे. मूल एकाएकी मान वळवून रिकाम्या भिंतीकडे पाहते, तेव्हा त्या भिंतीवरच्या प्लगकडे एकदा लक्ष द्यावे. मात्र मृत व्यक्तीचे अस्तित्व टिपणारे एखादे इंद्रिय मुलांना असते, असा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर कोडे फारसे अवघड नाही. बाळ झोपेत हसले की आपल्याकडे ‘सटवाई हसवते’ असे म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांतले हे हसू, पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात त्या झोपेच्या टप्प्यात उमटते आणि त्यासाठी समोर कोणी असावे लागत नाही. माणसाला पाहून हसणे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते. नवजात बाळाला वीस-तीस सेंटीमीटरच्या पलीकडचे सारे धूसर दिसते आणि त्या धूसरपणात गडद व उजळ भाग जिथे एकमेकांना भिडतात त्या कडा त्याची नजर ओढून घेतात, म्हणून ते छताच्या कोपऱ्याकडे किंवा पंख्याच्या पात्यांकडे टक लावून पाहत राहते.

अडीच वर्षांच्या मुलीचे वाक्य मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण तिला आबा खरोखरच आठवत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी तान्ह्या बाळांच्या पायाला रिबन बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावरच्या खेळण्याला जोडले. पाय झाडला की खेळणे हलते, हे तीन महिन्यांची बाळे काही मिनिटांत शिकत आणि काही दिवसांनी विसरूनही जात. परंतु विसरल्यानंतर तेच खेळणे नुसते हलताना दाखवले, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जोमाने पाय झाडू लागत. पाळण्याभोवतीचे नक्षीदार कापड बदलले, तर मात्र ही आठवण अनेकदा डळमळीत होई. लहानग्यांची स्मृती अशी जागेला आणि भोवतालच्या खुणांना घट्ट चिकटलेली असते. महालातल्या त्या घरात वाळ्याचा वास, कूलरची घरघर, खुर्ची आणि दुपट्टा या चार खुणा जवळजवळ वर्षभराने पुन्हा एकत्र आल्या होत्या, आणि या मांडणीत जो एक भाग कमी होता तो मुलीने शब्दांनी भरून काढला.

त्या शब्दांकडेही नीट पाहावे. ‘आबा इथे बसायचे’ आणि ‘आबा बसले’ यांतला फरक या वयात बोलण्यात सांभाळला जाईलच असे नाही. ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचा गोंधळ घरोघरी ऐकू येतो, आणि मराठीने तर ‘परवा’ हा एकच शब्द मागच्या व पुढच्या दोन्ही दिवसांना देऊन मुलांचे काम आणखी कठीण केले आहे. त्यात आपण मुलांना सांगतो की आबा गावाला गेले. काटोलला गेलेला मामा चार दिवसांनी संत्री घेऊन परत येतो, मग आबा का येऊ नयेत? मारिया नाज यांनी हंगेरीतल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून १९४८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पाच वर्षांखालील मुले मृत्यूला प्रवासासारखे किंवा झोपेसारखे, म्हणजे उलटवता येण्याजोगे, समजत असल्याचे दिसले. आत्मा जाणवण्यासाठी आधी माणूस कायमचा गेला हे कळावे लागते, आणि ते कळणेच अजून व्हायचे असते.

जेसी बेरिंग आणि बेकी पार्कर यांचा २००६ सालचा प्रयोग मला या संदर्भात सर्वांत बोलका वाटतो. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना दोन पेट्यांपैकी चेंडू कोणत्या पेटीत आहे हे ओळखायचे होते, आणि खोलीत ‘ॲलिस’ नावाची एक अदृश्य राजकन्या असून तुम्ही चुकलात तर ती तुम्हाला कळवेल, असे काहींना आधीच सांगितले होते. मूल पेटीवर हात ठेवी तेव्हा दारावरचे चित्र अचानक पडे किंवा दिवा लुकलुके. सात वर्षांवरच्या मुलांनी हा आपल्यासाठीचा इशारा मानून पेटी बदलली. पाच-सहा वर्षांची मुले हे ॲलिसनेच केले असे म्हणाली, पण त्यातून तिला आपल्याला काही सांगायचे आहे असे त्यांना वाटले नाही. आणि सर्वांत लहानांच्या मते चित्र नीट चिकटवलेले नव्हते किंवा दिवा बिघडला होता. ‘निर्मळ नजरे’च्या समजुतीनुसार निकाल नेमका उलटा लागायला हवा होता. घटनेमागे अदृश्य हेतू वाचणे ही वयाबरोबर, आणि मोठ्यांकडून ऐकून, वाढत जाणारी कला आहे.

ते ऐकवणे कसे चालते, हे त्या संध्याकाळी मी प्रत्यक्ष पाहिले. आबा काय म्हणाले, त्यांनी पाणी मागितले का, ते पांढऱ्या कपड्यांत होते का, असे प्रश्न मुलीला निदान पाच जणांनी विचारले. दुपारी तिने फक्त “आबा बसले” म्हटले होते. रात्री पुण्याच्या काकांना फोनवर ती “आबांनी पाणी मागितलं” असे सांगू लागली. स्टीफन सेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शाळापूर्व वयाच्या मुलांना, तुझे बोट उंदराच्या सापळ्यात अडकले होते का, असे आठवड्यांमागून आठवडे विचारले, तेव्हा कधीच न घडलेल्या त्या प्रसंगाचे बारीकसारीक तपशील बरीच मुले खात्रीने सांगू लागली. ती खोटे बोलत नव्हती. ऐकलेले, कल्पिलेले आणि घडलेले यांचा उगम वेगळा ठेवण्याची क्षमता त्या वयात कच्ची असते. विचारायचेच असेल तर “तिथे काय आहे?” एवढे विचारून थांबावे. हट्टाने मी तेवढेच विचारले, तेव्हा तिने खुर्चीकडे बोट दाखवून “दुपट्टा” असे उत्तर दिले, जे कोणालाच फारसे आवडले नाही.

दिवंगतांची चाहूल खरोखर कोणाला लागते, याचे उत्तर मुलांपेक्षा मोठ्यांच्या नोंदींत अधिक सापडते. वेल्समधले डॉक्टर ड्युई रीस यांनी २२७ विधवा आणि ६६ विधुर यांच्याशी बोलून १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या जणांना जोडीदार आसपास असल्याचे जाणवले होते, काहींना तो दिसला होता, काहींना त्याचा आवाज ऐकू आला होता. हा आजार नव्हे. वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या पावलांची सवय झालेला मेंदू ती पावले अपेक्षित धरतच राहतो. यांपैकी बहुतेकांनी ही गोष्ट त्याआधी कोणाजवळही बोललेली नव्हती.

शेजारी गेल्यानंतर भांडी आवरताना त्या घरातल्या आजी सहज म्हणाल्या की पहाटे नळ येण्याच्या वेळेला आंगणात बादली ठेवल्याचा आवाज त्यांना रोज येतो, म्हणून त्या उठून पाहतात, बादली रिकामीच असते, आणि मग उठल्याच आहेत तर पाणी भरून घेतात.