बांधकामस्थळावरील ध्वनिप्रदूषण आणि कामगारांचे वर्तन

इमारत, पूल, रस्ता किंवा भुयारी मार्ग उभारताना यंत्रे, वाहने, साहित्याची चढउतार आणि माणसांची कामाची पद्धत यांतून निर्माण होणारा त्रासदायक वा अपायकारक आवाज. कारखान्याच्या आवाजाहून हा वेगळा : तो उघड्यावर होतो, कामाच्या टप्प्यागणिक बदलतो आणि बांधकाम संपले की थांबतो. ‘तात्पुरता’ म्हणून त्याकडे काणाडोळा होतो तो यामुळेच. मुंबईतील पुनर्विकासाच्या वस्त्यांत मात्र एक इमारत पुरी होते न होते तोच शेजारची पाडायला घेतात. तिथला तात्पुरतेपणा वर्षानुवर्षे टिकतो.

मुंबई-पुण्याच्या जमिनीखाली कठीण बेसाल्ट असल्याने पाया खणताना ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचे यंत्र, बहुधा लागतोच, आणि सर्वाधिक तक्रारी त्याच्याच असतात. हाताने चालवायच्या ब्रेकरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सुमारे १०० डेसिबल किंवा त्याहून अधिक भरतो. फरशी कापायचा कटर आणि ग्राइंडर फारसे मागे नाहीत. डेसिबलचे माप साध्या बेरजेने चालत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दसपट. त्यामुळे ‘पाच-सात डेसिबलच जास्त’ हा युक्तिवाद फसवा आहे.

यंत्राइतकाच आवाज वागण्यातूनही होतो. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या) प्लेटा हातोहात न देता वरून टाकणे, सळया उतरवताना डंपरमधून एकदम सोडणे, माल भरेपर्यंत इंजिन चालू ठेवणे, जनरेटरच्या आवरणाचे दार उघडे टाकणे, बोथट पातीने फरशी कापत राहणे, चौथ्या मजल्यावरच्या माणसाला खालून हाका मारणे. यातले बरेचसे वर्तन कामगाराच्या बेफिकिरीत मोडत नाही. चौरस फुटाच्या दराने अंगावर काम घेतलेल्या गड्याला प्लेटा हातोहात उतरवण्यात गेलेल्या वेळाची मजुरी कोणी देत नाही. पाती बदलायची की नाही हे ठेकेदार ठरवतो, इंजिन बंद करायला मुकादमाने सांगावे लागते. वर्तनाचा विचार करताना साइटवरची ही उतरंड वगळली, तर दोष सर्वांत खालच्या माणसावर जातो आणि आवाज तसाच राहतो.

कानात घालायचे बोळे न वापरण्याचेही असेच आहे. उकाड्यात घामाने कान चिघळतात, ही तक्रार खरी. त्याहून मोठी भीती वरून आलेली ‘हटो!’ची हाक किंवा मागे येणाऱ्या डंपरचा भोंगा ऐकू येणार नाही ही. हाताचे ठरलेले इशारे, वाहनामागे उभा राहणारा झेंडेवाला आणि क्रेनचालकाशी वॉकीटॉकीवर बोलणे ही व्यवस्था असली तरच कान झाकणे सुरक्षित वाटते. आतल्या कानातील केसांसारख्या संवेदनापेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हानी प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत होते, म्हणून बोलणे ऐकू येत असते आणि नुकसान लक्षात येत नाही. पुढे ऐकू कमी आल्याने माणूस स्वतःच मोठ्याने बोलू लागतो.

केंद्रीय बांधकाम कामगार नियम, १९९८ यांनी ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संशोधन संस्था ८५ ची शिफारस करते. परिसरासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या आसपास, ५० आणि ४०. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात व शांतता क्षेत्रात रात्री, म्हणजे १० ते ६, आवाज करणारी बांधकाम यंत्रे वापरण्यास मनाई झाली.

तरीही काम रात्री रेंगाळते. एकदा सुरू केलेला स्लॅब मध्येच सोडला तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा राहतो, आणि गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने तयार काँक्रीटच्या गाड्या उशिरा पोहोचतात. यावर उपाय वेळापत्रकातच करावा लागतो. सकाळी सहापासून नियोजन केले तर पुष्कळ स्लॅब रात्री दहाच्या आत संपतात. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दक्षिण मुंबईतील रात्रीच्या कामाला मनाई केली आणि पुढच्या वर्षी अटींसह ती शिथिल केली. सिंगापूरमध्ये २०११ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेल्या, वस्तीलगतच्या बांधकामांना रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी काम करता येत नाही.

या साऱ्या चर्चेत शेजारचे रहिवासी तक्रारदार म्हणून दिसतात, पण साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत राहणारे कामगार सहसा दिसत नाहीत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी अंग टाकतो तेव्हा पलीकडे दिवसपाळीचा ब्रेकर सुरू होतो, आणि रात्रीच्या मनाईचा त्याच्या झोपेला काहीच उपयोग होत नाही.