विहिरींत विष कालवल्याचा आरोप व ज्यूंची कत्तल (१३४८–५१)

यूरोपात ‘काळा मृत्यू’ म्हणून ओळखली जाणारी प्लेगची महासाथ पसरली असता, ज्यूंनी विहिरी व पाणवठे विषारी करून ती आणली, असा आळ घेऊन झालेल्या हत्याकांडांची मालिका. आल्प्समधील सॅव्हॉय, ऱ्हाईन नदीचे खोरे व मध्य जर्मनी हे तिचे मुख्य प्रदेश. शेकडो ज्यू वस्त्या तीत उद्ध्वस्त झाल्या. साथीचा वैद्यकीय तपशील ‘प्लेग’ या नोंदीत पहावा.

आरोपाचा उगम वादग्रस्त आहे. साथीच्या काळातील ज्यूंवरचा पहिला ज्ञात हल्ला आजच्या दक्षिण फ्रान्सच्या प्रॉव्हान्स प्रदेशातील तुलाँ येथे १३४८ च्या एप्रिलमध्ये, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरपूर्वीचा रविवार), झाला व त्यात सुमारे ४० जण मारले गेले. मात्र तेथे विषाचा आरोप पुढे आलेला दिसत नाही. ईस्टरपूर्व आठवड्यातील नेहमीच्या दंगलींशी या हल्ल्याचे साम्य अधिक आहे. उलट, त्याच महिन्यात दक्षिण फ्रान्समधील नार्बन येथील एका अधिकाऱ्याने ईशान्य स्पेनच्या कॅटलोनियातील जिरोना नगरीला पाठविलेल्या पत्रात विषाचा उल्लेख आहे, पण ज्यूंचा नाही. पाण्यात, अन्नात व चर्चमध्ये विषारी भुकटी टाकल्याची कबुली तेथे भिकारी व भटक्या लोकांकडून घेण्यात आली होती. यामागे १३२१ मधील फ्रान्सचे प्रकरण आहे. त्या वर्षी प्रथम कुष्ठरोग्यांवर, मग त्यांना पैसे पुरविल्याच्या संशयावरून ज्यूंवर आणि अखेर या सर्वांचा सूत्रधार म्हणून ग्रानाडाच्या मुस्लिम राजावर, विहिरी बाटविल्याचा ठपका ठेवला गेला होता. इतिहासकार कार्लो गिंझबुर्ग यांच्या मते १३४८ चा आरोप म्हणजे या जुन्या कटकथेचे पुनरुज्जीवन असून भिकाऱ्यांवरून तो ज्यूंकडे वळला, तो प्रदेश आग्नेय फ्रान्सकडील दोफिने व सॅव्हॉय हा होय. दुसऱ्या मतानुसार अशी अखंड परंपरा मानण्याची गरज नाही. कारण परक्यांनी पाणी नासविल्याचा संशय साथीत कोठेही उद्भवू शकतो. मात्र १३२१ व १३४८ या दोन्ही प्रकरणांतील तपशील इतके मिळतेजुळते आहेत, की पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

सॅव्हॉयमध्ये या संशयाला कागदोपत्री रूप आले. सप्टेंबर–ऑक्टोबर १३४८ मध्ये जिनीव्हा सरोवराच्या काठी शियाँ किल्ल्यात व आसपास ज्यूंना पकडून त्यांचे जबाब नोंदविण्यात आले. त्यांतील आगिमे याचा १० ऑक्टोबरचा जबाब विशेष प्रसिद्ध आहे. रेशीम खरेदीसाठी व्हेनिसला निघालेल्या या जिनीव्हाच्या ज्यूला शाँबेरीच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) पेरे यांनी अर्ध्या वितीएवढी कातडी पुडी दिली. तिच्यातील विष त्याने व्हेनिस, कालाब्रिया, आपूलिया व तूलूझ येथील पाण्यात टाकले, असे त्यात म्हटले आहे. एवढ्या प्रवासाला एक पुडी कशी पुरली, हे विचारण्याची गरज तपास करणाऱ्यांना वाटली नाही. त्याचा ‘थोडा’ छळ केल्याचे मात्र त्याच कागदात नमूद आहे. शियाँच्या किल्लेदाराने अशा जबाबांच्या नकला स्ट्रासबर्गच्या नगरपरिषदेला पाठविल्या. शहराशहरांतील हा पत्रव्यवहार साथीहून वेगाने पसरला, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी कत्तल आधी व प्लेग नंतर असा क्रम दिसतो. ‘साथीने भेदरलेल्या जमावाचा उद्रेक’ हे प्रचलित स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते.

बाझेल येथे जानेवारी १३४९ मध्ये ऱ्हाईनमधील एका बेटावर लाकडी घर उभारून त्यात ज्यूंना जाळण्यात आले. मृतांचा ६०० हा परंपरागत आकडा फुगविलेला असावा. त्याच सुमारास ॲल्सेसमधील बेनफेल्ड येथे स्ट्रासबर्गचा बिशप, सरंजामदार व नगरांचे प्रतिनिधी यांची बैठक भरली. ज्यूंविरुद्ध आपल्याकडे काहीही पुरावा नाही, असे स्ट्रासबर्गच्या प्रतिनिधींनी सांगताच, मग तुम्ही विहिरी झाकून पोहरे का काढून ठेवले, असा उलट सवाल त्यांना करण्यात आला. दंगलीला वाव दिल्यास ती पुढे नगरशासनावरच उलटेल, असा सावध सल्ला कोलोनच्या परिषदेने स्ट्रासबर्गला पत्राने दिला होता.

स्ट्रासबर्गमध्ये हा इशारा खरा ठरला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कारागीर संघांनी, काही सरदारांच्या साथीने, नगरप्रमुख पेटर श्वार्बर व त्याचे सहकारी यांची सत्ता उलथविली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, शनिवारी, ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेऊन लाकडी चौथऱ्यावर जाळण्यात आले. बाप्तिस्मा घेण्यास तयार झालेल्यांना सोडले. अनेक लहान मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध चितेवरून ओढून बाप्तिस्मा दिला गेला. इतिवृत्तांत सुमारे २,००० हा आकडा आढळतो, परंतु तोही अतिरंजित मानला जातो. गहाण वस्तू व कर्जरोखे ऋणकोंना परत मिळाले आणि रोकड कारागिरांत वाटली गेली. हा पैसाच ज्यूंना मारणारे विष ठरला, असा शेरा क्लोझेनर या स्थानिक इतिवृत्तकाराने मारला आहे. प्लेग शहरात शिरला तो त्यानंतर, उन्हाळ्यात. १३६९ मध्ये ज्यूंना पुन्हा प्रवेश मिळाला आणि शतक संपण्यापूर्वी त्यांना परत हाकलण्यात आले.

१३४९ मधील इतर ठिकाणच्या घटना थोडक्यात : श्पायर, फ्रायबुर्ग, वर्म्स व एरफुर्ट (मार्चपर्यंत), फ्रँकफुर्ट (जुलै), माइन्त्स व कोलोन (ऑगस्ट). माइन्त्सच्या ज्यूंनी सशस्त्र प्रतिकार केला व तो मोडल्यावर स्वतःच्या घरांना आगी लावल्या, असे सांगितले जाते. न्यूरेंबर्गचे उदाहरण वेगळे आहे. ज्यू हे सम्राटाच्या खजिन्याची मालमत्ता समजले जात. त्यांच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या चौथ्या चार्ल्स राजाने, हत्या झाल्यास त्यांची घरे कोणाला मिळावीत, हे आधीच ठरवून दिले होते. ५ डिसेंबर १३४९ च्या कत्तलीत ५६२ जण बळी पडल्याची नोंद ज्यूंच्या स्मरणग्रंथात आहे. पाडलेल्या सिनॅगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) जागी फ्राउएनकिर्खे हे चर्च उभे राहिले व शेजारी बाजारचौक झाला.

सर्वच सत्ताधीश यात सामील नव्हते. सहाव्या क्लेमेंट या पोपने १३४८ मध्येच काढलेल्या आज्ञापत्रांत ज्यूही प्लेगने मरत आहेत व जेथे एकही ज्यू नाही तेथेही साथ आहे, असे बजावले. पोपचे तत्कालीन वास्तव्य असलेल्या ॲव्हीन्याँच्या परिसरात त्याचा परिणाम झाला. ऱ्हाईनकाठी झाला नाही. व्हिएन्नात ज्यूंची दफनभूमी वाढवावी लागली, हा प्रत्यक्ष दाखला देऊन कोनराट फोन मेगेनबेर्क या समकालीन जर्मन विद्वानानेही आरोप खोडून काढला. ऑस्ट्रियाचा दुसरा अल्ब्रेख्ट याने आपल्या ज्यूंना बऱ्याच अंशी संरक्षण दिले.

दोषी कोण, याविषयी मतभेद आहेत. सावकारी पाशातील गरिबांचा रोष, हे जुने मत. इतिहासकार सॅम्युएल कोन यांनी नगरश्रेष्ठी व सरदार यांच्याकडे बोट दाखविले आहे. आल्फ्रेड हाफरकाम्प या इतिहासकारांनी स्थानिक सत्तासंघर्ष व कत्तलीसाठी निवडलेले वार आणि सण यांवर भर दिला. स्ट्रासबर्गचा दाखला कोन यांच्या मताला पुरता जुळत नाही. हाफरकाम्प यांची मांडणी अधिक व्यापक आहे.

लिखित साधनांना अलीकडे उत्खननाची जोड मिळाली आहे. कॅटलोनियातील तारेगा येथे २००७ मध्ये सामूहिक दफनखड्डे सापडले व हाडांवरील घावांवरून ते १३४८ च्या हल्ल्यातील ज्यूंचे असल्याचे अनुमान आहे. एरफुर्ट येथे १९९८ मध्ये सापडलेल्या पुरलेल्या ठेव्यात चांदीची नाणी व लगडी यांबरोबर वर छोट्या घराची घडण असलेली सोन्याची विवाह-अंगठी होती. वाचलेले ज्यू तातडीने पोलंडला गेले, असे पूर्वी मानले जाई. तिसऱ्या काझीमीर राजाने ज्यूंना सवलती दिल्या होत्या हे खरे, परंतु हे स्थलांतर आधीच सुरू झालेले व पुढे शतकभर चाललेले असावे, असे आता मानण्याकडे कल आहे.