पदोन्नती डावलल्यानंतरची थकबाकी: मुदत, कागदपत्रे आणि मॅटमधील मूळ अर्ज

पदोन्नतीत डावलले गेल्यामुळे बुडालेल्या वेतनाची थकबाकी मागणारे, पण न्यायाधिकरणाने फेटाळलेले मूळ अर्ज (म्हणजे तेथे दाखल होणारे दावे) वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. कर्मचाऱ्यावर अन्याय झाला होता हे पुष्कळदा न्यायाधिकरणालाही मान्य असते, परंतु अर्ज मुदतीत नसतो, किंवा अर्जाच्या शेवटी केलेल्या मागणीत थकबाकीचा उल्लेखच नसतो. म्हणून या माहितीत अर्ज कसा टंकलिखित करावा किंवा किती प्रती लावाव्यात यापेक्षा या दोन अडचणींना अधिक जागा दिली आहे.

प्रथम कोठे जायचे ते पाहू. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ नुसार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘मॅट’पुढे चालतात. त्याची खंडपीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘कॅट’कडे जावे. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना विभागीय स्तरावरील अपील आणि उच्च न्यायालय हाच मार्ग आहे. खासगी शाळांतील शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी १९७७ च्या अधिनियमाखालील शाळा न्यायाधिकरण आहे, आणि पदोन्नतीत डावलले जाणे हा तेथे अपिलाचा स्वतंत्र आधार आहे. तेथील अपिलाची मुदत मात्र मॅटप्रमाणे वर्षाची नसून ३० दिवसांची आहे, त्यामुळे त्यांनी पुढील मुदतीचा हिशेब स्वतःला लावून घेऊ नये.

दावा कोणाचा टिकतो, याविषयीचा गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. पदोन्नती हा हक्क नाही, पदोन्नतीसाठी विचार होणे हा हक्क आहे. पद रिक्त होते, आपण पात्र होतो, पण विभागीय पदोन्नती समितीची बैठकच तीन वर्षे झाली नाही, एवढ्यावर मागील तारखेची पदोन्नती सहसा मिळत नाही. पदोन्नती पद रिक्त झाल्याच्या दिनांकापासून नव्हे, तर ती दिल्याच्या दिनांकापासून लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने के. के. वढेरा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले आहे. दावा भक्कम होतो तो कनिष्ठ कर्मचाऱ्याला पदोन्नती मिळून ज्येष्ठ वगळला गेला असेल, ज्येष्ठता यादीतील चूक नंतर दुरुस्त झाली असेल, गोपनीय अहवालातील ज्या प्रतिकूल शेऱ्यामुळे अपात्र ठरवले तो शेरा पुढे काढून टाकला गेला असेल, किंवा विभागीय चौकशीमुळे नाव मोहोरबंद पाकिटात ठेवले गेले (म्हणजे समितीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत बंद ठेवला गेला) आणि अखेर कर्मचारी दोषमुक्त झाला असेल तेव्हा.

मोहोरबंद पाकिटाबाबत कार्यालयांकडून इतक्या चुका होतात की त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध के. व्ही. जानकीरामन या १९९१ च्या निकालानुसार दोषारोपपत्र बजावल्यानंतरच ही पद्धत वापरता येते. नुसती प्राथमिक चौकशी चालू आहे किंवा ‘चौकशी प्रस्तावित आहे’ एवढ्या कारणावरून नाव बाजूला ठेवता येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे की, काम करण्यास तयार असलेल्या कर्मचाऱ्याला त्याचा दोष नसताना कामापासून दूर ठेवले असेल, तर ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व त्याला लावता येत नाही. मात्र चौकशी कर्मचाऱ्यामुळेच लांबली असेल किंवा फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर थकबाकी द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. नाकारायची असल्यास त्याची कारणे नोंदवणे मात्र बंधनकारक आहे. दोन ओळींत नकार आला असेल, तर कारणांचा अभाव हाच तुमचा पहिला मुद्दा असतो.

आता मुदतीकडे वळू, कारण बहुसंख्य अर्ज येथेच अडखळतात. अधिनियमाच्या कलम २० नुसार आधी विभागाकडे अभिवेदन, म्हणजे आपल्या तक्रारीचा लेखी अर्ज, द्यावे लागते. कलम २१ नुसार अंतिम आदेश मिळाल्यापासून एक वर्षात मूळ अर्ज दाखल करावा लागतो. अभिवेदनावर उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहायची आणि ते संपल्यापासून पुढे एक वर्ष मोजायचे. समजा, कनिष्ठाची पदोन्नती १ जुलै २०२३ रोजी झाली आणि तुम्ही १० ऑगस्ट २०२३ रोजी अभिवेदन दिले. उत्तर आले नाही, तर सहा महिने १० फेब्रुवारी २०२४ ला संपतात आणि मुदत १० फेब्रुवारी २०२५ ला संपते. उत्तर १ नोव्हेंबर २०२३ रोजीच आले असेल, तर सहा महिन्यांची सवलत उरत नाही आणि वर्ष त्या उत्तरापासून मोजले जाते.

कर्मचारी चुकतो तो स्मरणपत्रांमध्ये. आस्थापना शाखेत दर वेळी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे सौजन्याने सांगितले जाते, तो आणखी एक स्मरणपत्र देतो, आणि आपली मुदत त्या शेवटच्या पत्रापासून सुरू होईल असे धरून चालतो. तशी ती होत नाही. वारंवार दिलेल्या अभिवेदनांनी मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९८९ च्या निकालापासून स्पष्ट आहे. जुन्या, संपलेल्या दाव्यावर कार्यालयाने उशिरा उत्तर दिले म्हणून तो दावा पुन्हा जिवंत होत नाही, हे सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये पुन्हा सांगितले गेले. साहेबांच्या शब्दावर विसंबून दोन-तीन वर्षे थांबलेले लोक पाहिले की वाईट वाटते, कारण मुदत संपल्यावर तेच कार्यालय आपल्या प्रतिज्ञापत्रात पहिल्याच परिच्छेदात ‘अर्ज मुदतबाह्य आहे’ असे लिहिते. मुदत उलटलीच असेल, तर मूळ अर्जासोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज द्यावा आणि विलंबाच्या प्रत्येक टप्प्याचे कारण कागदानिशी दाखवावे. ‘कौटुंबिक अडचणी’ एवढे लिहून भागत नाही.

‘वेतनाचे नुकसान दरमहा होते, म्हणून मुदतीचा प्रश्नच नाही’ हा युक्तिवादही अर्धाच खरा आहे. तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेतन वा निवृत्तिवेतन चुकीचे निश्चित झाल्यास ती सततची चूक मानली, तरी थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली जाते. शिवाय ज्येष्ठता आणि पदोन्नतीचा वाद इतरांच्या हक्कांना धक्का लावतो, म्हणून तेथे हा आधार मिळत नाही.

कागदपत्रांपैकी पदोन्नतीचे आदेश आणि सेवापुस्तकाचा उतारा बहुतेकांकडे असतो. नसते ती विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीच्या दिवशी अमलात असलेली ज्येष्ठता यादी, आणि त्याच बैठकीचे इतिवृत्त. आजची यादी जोडून उपयोग नाही, कारण वाद त्या दिवशीच्या क्रमांकाचा आहे. या दोन्ही गोष्टी माहिती अधिकारात मागवाव्यात. अर्जाचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. दुसऱ्याचे गोपनीय अहवाल वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले जातील, म्हणून ते मागण्यात वेळ घालवू नये. तुम्हाला अपात्र का ठरवले याची नोंद इतिवृत्तात सापडते. स्वतःचे गोपनीय अहवाल तुम्हाला कळवले होते का, हेही तपासावे. देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असे ठरले आहे, आणि न कळवलेल्या शेऱ्याच्या आधारे डावलले असेल, तर तो तुमचा स्वतंत्र मुद्दा आहे. अभिवेदनाची पोच आवक क्रमांक व दिनांकासह असावी. शाखेतील ओळखीच्या लिपिकाच्या हाती दिलेल्या अभिवेदनाची पोच घेतलेली नसते, आणि मुदत मोजायला तारीखच उरत नाही.

मागणीच्या परिच्छेदात मानीव दिनांक (ज्या मागील तारखेपासून पदोन्नती मिळाली असे मानायचे ती तारीख), त्या दिनांकापासून वेतननिश्चिती, प्रत्यक्ष थकबाकी, पुढील ज्येष्ठता आणि निवृत्तांच्या बाबतीत निवृत्तिवेतनाची फेरनिश्चिती, हे सर्व वेगवेगळे लिहावे. ‘मानीव दिनांक द्यावा’ एवढेच मागितले, तर तो काल्पनिक वेतननिश्चितीसह मिळतो, म्हणजे वेतन केवळ कागदावर वाढते पण मागील पैसे मिळत नाहीत, आणि पैशासाठी नंतर दुसरा अर्ज करायला गेलात, तर ‘हे आधीच मागता आले असते’ हे उत्तर मिळते. ज्याच्या ज्येष्ठतेवर परिणाम होईल त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला प्रतिवादी करणेही टाळू नये. सहकाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून त्याला वगळणारे अनेक असतात, आणि त्याच कारणावरून त्यांचा अर्ज अडकतो.

मानीव दिनांक मंजूर करूनही थकबाकी नाकारताना विभाग बहुधा महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधील नियम ३२ पुढे करतो. वाढीव जबाबदारीच्या पदाचे वेतन त्या पदाची कर्तव्ये स्वीकारल्यापासूनच मिळते, असा त्याचा आशय आहे. हा नियम खोटा नाही, परंतु तो नियमित पदोन्नतीसाठी आहे. प्रशासनाच्या चुकीमुळे कर्मचारी त्या खुर्चीवर बसूच शकला नाही, तेव्हा ती चूक त्याच्याच अंगावर टाकता येत नाही, हे जानकीरामन आणि २०१५ च्या रमेश कुमार विरुद्ध युनियन ऑफ इंडिया या निकालांच्या आधारे मांडावे. निकाल हमखास बाजूने लागेल असे मात्र कोणी समजू नये. भास्करन पिल्लै प्रकरणात २००७ मध्ये न्यायालयाने थकबाकी पूर्ण, अंशतः की मुळीच नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर सोडले आहे. पदोन्नतीस लेखी नकार दिलेल्याला किंवा बदलीच्या भीतीने स्वतःहून मागे राहिलेल्याला थकबाकीच्या दाव्यात स्थान नाही.

मॅटच्या निकालाविरुद्ध, एल. चंद्रकुमार प्रकरणातील १९९७ च्या निकालानुसार, उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे रिट याचिका करता येते. शासनाने अशी याचिका केली म्हणून मॅटचा आदेश आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगिती मिळावी लागते. ‘याचिका प्रस्तावित आहे’ या पत्रावर शांत बसलेल्यांना आदेश न पाळल्याबद्दलच्या अवमान अर्जाची एक वर्षाची मुदतही निघून गेल्याचे पुढे कळते. ही मुदत आदेशाच्या पालनासाठी दिलेला अवधी संपल्यापासून मोजावी, आणि ती तारीख निकाल हाती पडल्याच्याच दिवशी लिहून ठेवावी.